गुणवत्ता, तीन प्रतींत

मनुष्याच्या गुणवत्तेचे मोजमाप करता येते किंवा कसे, या प्रश्नाचा निकाल तत्त्ववेत्त्यांनी अद्याप लावलेला नसला, तरी आमच्या शिक्षणखात्याने तो केव्हाच लावून टाकला असून, माझ्यापुरते बोलावयाचे तर माझी गुणवत्ता पावणेतीन किलो भरते. हा आकडा मी पदरचा सांगत नाही. निवडश्रेणीचा माझा प्रस्ताव, म्हणजे नेमणुकीचा हुकूम, मान्यतेचे पत्र, सेवापुस्तिकेच्या साक्षांकित छायाप्रती, वर्षानुवर्षांचे गोपनीय अहवाल आणि माझ्याविरुद्ध कोणतीही चौकशी चालू नसल्याचा दाखला, असा सगळा ऐवज तीन प्रतींत बांधून मी जिल्ह्याच्या गावी निघालो असता वाटेत पावसाने गाठले, म्हणून शेजारच्या वाण्याच्या दुकानात शिरलो, तेव्हा मी काही विकावयास आलो आहे अशा समजुतीने त्या सद्गृहस्थाने गठ्ठा माझ्या हातून घेऊन सरळ काट्यावर ठेवला आणि म्हणाला, "बारा रुपये किलोनं घेतो, मास्तर. सुतळी वजा." पुढे त्याच ऐवजाची वेगवेगळ्या टेबलांवर जी किंमत झाली, ती पाहता वाण्याचा देकार सर्वांत प्रामाणिक आणि मुख्य म्हणजे रोखीचा होता.

ज्यांचा या व्यवहाराशी कधी संबंध आला नाही, अशा भाग्यवंतांच्या माहितीसाठी सांगितले पाहिजे की, आमच्या खाजगी अनुदानित शाळांतील शिक्षकास १२ वर्षांच्या नोकरीनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांच्या नोकरीनंतर निवडश्रेणी मिळण्याची तरतूद आहे. पैकी निवडश्रेणी ही वरिष्ठ श्रेणीतील शिक्षकांपैकी शेकडा २० जणांनाच द्यावयाची, असा दंडक असल्यामुळे, पाचांत एक या हिशेबाने, आधी निवडलेला गृहस्थ सेवानिवृत्त झाल्यावाचून नव्याची निवड होणे बहुधा अशक्य असते. या एका कलमाने आमच्या शिक्षकदालनात बंधुभाव किती वाढीस लागला, याची बाहेरच्यास कल्पना येणार नाही. ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या जन्मतारखा आम्हांस मुखोद्गत असत, आणि त्यांतल्या कोणास साधा खोकला झाला तरी चौघे जण आळीपाळीने प्रकृतीची विचारपूस करीत. भूगोलाच्या सरांच्या निरोपसमारंभात माझा कंठ असा काही दाटून आला की, भाषण अर्ध्यावर सोडून मला खाली बसावे लागले. त्यांच्या पत्नीने माझ्या पत्नीचा हात हाती घेऊन म्हटले, "तुमच्या ह्यांचा आमच्या ह्यांच्यावर फार जीव हो!" आमच्या सौभाग्यवतींनी घरी पोहोचल्यावर एवढेच विचारले, "आता तुमचा नंबर कितवा?"

गुणवत्तेबद्दल रोख मोबदला ही कल्पना आमच्याकडे अगदीच अपरिचित होती असे नव्हे. आदर्श शिक्षकाचा राज्य पुरस्कार लाभलेल्या गुरुजींना एके काळी दोन जादा वेतनवाढी मिळत. आणि आपण आदर्श असल्याचा प्रस्ताव ज्याचा त्यानेच सादर करावयाचा असल्यामुळे विनय हा सद्गुण या स्पर्धेतून पहिल्याच फेरीत बाद होई. मीही एकदा लेखणी सरसावून तसा प्रस्ताव लिहिला. 'प्रस्तुत शिक्षक अत्यंत प्रसिद्धिपराङ्मुख आहेत' या माझ्या वाक्यासमोर हेडमास्तरांनी शेरा मारला : 'पुराव्यादाखल वर्तमानपत्रांतील कात्रणे जोडावीत.' गरीब विद्यार्थ्यास वही देतानाचे छायाचित्र तर अनिवार्यच होते. त्यात देणारा आणि घेणारा दोघेही एकमेकांकडे न पाहता छायाचित्रकाराकडे पाहत आहेत. मात्र छायाचित्र निघताच ती वही परत मिळविण्यासाठी आम्हां दोघांत जी झटापट झाली, ती कोणी टिपली नाही हे माझे नशीब. मुलाला वही मनापासून आवडली होती, आणि ती वर्गाच्या हजेरीची होती. पुरस्कार अर्थातच शेजारच्या तालुक्यात गेला. तेथील गुरुजींच्या प्रस्तावास रेशमी फीत होती, असे मागाहून कळले.

परंतु हे सारे हौसेचे मामले होते. २०१७ सालच्या ऑक्टोबरात जो शासननिर्णय निघाला, त्याने मात्र वरिष्ठ आणि निवडश्रेणीच शाळेच्या गुणवत्तेस जोडून टाकली : शाळा 'शाळासिद्धी'च्या मूल्यमापनात 'अ' श्रेणीत असावी, आणि माध्यमिक शाळेचा नववी-दहावीचा निकाल ८० टक्क्यांच्या वर असावा. माझी २४ वर्षे नेमकी तेव्हाच भरत आली होती. शाळासिद्धीत ७ क्षेत्रे आणि ४६ मानके असून प्रत्येक मानकावर शाळेने आधी स्वतःच स्वतःला एक, दोन किंवा तीन असा स्तर द्यावयाचा असे. एका शनिवारी दुपारी दारे लावून आम्ही आत्मपरीक्षणास बसलो. हेडमास्तरांनी मानक वाचावे आणि ज्याच्या त्याच्या खात्याने जबाब द्यावा, अशी पद्धत ठरली.

"ग्रंथालय?"

"कपाटाचं कुलूप उत्तम स्थितीत आहे, सर."

"आणि किल्ली?"

"ती गेल्या साली रिटायर झालेल्या भाऊसाहेबांकडे राहिली."

"म्हणजे ग्रंथ सुरक्षित आहेत. तीन लिहा. पिण्याचं पाणी?"

"टाकी आहे, नळ आहेत. पाणी हा ग्रामपंचायतीचा विषय आहे."

"आपल्याकडचं सगळं आहे ना? मग तीन."

अशा रीतीने दिवेलागणीपर्यंत आम्ही इतके उत्कृष्ट ठरलो की, सोमवारी अशा शाळेच्या फाटकातून आत शिरताना मला क्षणभर संकोच वाटला.

निकालाचे प्रकरण मात्र इतके घरगुती नव्हते, कारण दहावीचा निकाल मंडळाच्या हाती असतो. आमचा निकाल ऐंशीच्या आगेमागे घुटमळणारा. आणि शेवटच्या बाकावर बसणारा, मधल्या सुट्टीनंतर शेळ्या वळावयास जाणारा एक विद्यार्थी मराठीत उतरला, तर शाळा तरेल आणि शाळा तरली तर मी तरेन, असे आमच्या गणिताच्या सरांनी फळ्यावर उदाहरण सोडवून दाखविले. तेव्हापासून त्या मुलाविषयी माझ्या मनात जे वात्सल्य उत्पन्न झाले, त्याला तोड नव्हती. मी सायंकाळी त्याच्या वस्तीवर जाऊ लागलो. पहिल्या दिवशी कुत्रे अंगावर आले. दुसऱ्या खेपेस संभाव्य प्रश्नांचा संच, मी 'संदर्भासहित स्पष्टीकरण' समजावून देत असता, शेळीने उत्तरांसकट खाल्ला. अखेरीस मुलाचा बाप मला एका बाजूस घेऊन दबल्या आवाजात म्हणाला, "सर, पोरगं काय हुशार नाही, हे मला ठावं हाय. पर तुम्ही रोज यायला लागला. तुमचं काही पैशापाण्याचं अडलंय का?"

मी म्हणालो, "छे, छे! विद्यार्थ्याचे हित हाच शिक्षकाचा—"

"आबा," मुलगा आतून ओरडला, "सरांची ग्रेड माझ्यावर हाय!" मग बाहेर येऊन, माझ्या खांद्यावर हात ठेवण्याचा मोह कसाबसा आवरून, त्याने मला धीर दिला, "सर, टेन्शन घेऊ नका. मी तुम्हाला पास करतो."

त्याने शब्द पाळला. मराठीत बरोबर पस्तीस गुण मिळाले, पेढे मी वाटले, आणि प्रस्ताव परत आला. कारण निकाल होता, परंतु बाहेरून पडताळणी व्हावयाची राहिल्यामुळे श्रेणी नव्हती. पुढल्या वर्षी श्रेणीची आशा दिसू लागली, तो निकाल घसरला. दोन्ही एकाच वेळी साधण्याच्या खटपटीत आम्ही असतानाच २०१९ साली ती अटच रद्द झाली, आणि त्या मुलाचे पस्तीस गुण सरकारदप्तरी निरुपयोगी ठरले. त्याला मात्र अकरावीत प्रवेश मिळाला, हा त्या शासननिर्णयाचा मला दिसलेला एकमेव शैक्षणिक परिणाम.

पगार निकालास जोडण्याची ही कल्पना खात्याने स्वबुद्धीने काढली, असा आरोप करणे अन्यायाचे होईल. तिचे मूळ विलायतेत आहे. १८६२ साली रॉबर्ट लो नामक मुत्सद्द्याने असा नियम अमलात आणला की, शाळेस मुलामागे ४ शिलिंग हजेरीबद्दल आणि ८ शिलिंग परीक्षेबद्दल मिळावेत, आणि मूल वाचन, लेखन व अंकगणित यांपैकी ज्या विषयात नापास होईल त्या प्रत्येकाबद्दल २ शिलिंग ८ पेन्स कापले जावेत. योजना कार्यक्षम नाही ठरली तर निदान स्वस्त तरी ठरेल, अशी त्याने पार्लमेंटास दिलेली ग्वाही आमच्या वित्त विभागाने तसबिरीत लावून ठेवण्याजोगी आहे. परिणाम व्हावयाचा तोच झाला. तपासनिसापुढे पुस्तक उलटे धरूनही घडाघडा वाचणारी मुले निपजू लागली, आणि पोटासाठी शाळा तपासणारा मॅथ्यू अर्नोल्ड हा कवी आपल्या अहवालांतून, शिकवणे यंत्रवत होत चालले आहे, अशी तक्रार वर्षानुवर्षे करीत राहिला. आमच्या मुंबई इलाख्यातही शाळांचे अनुदान निकालांवर बेतण्याची हीच पद्धत रुजली, आणि कर्झनसाहेबाच्या सरकारने १९०४ च्या शैक्षणिक ठरावात तिला रजा देईपर्यंत ती सुखेनैव नांदली. मोजपट्टी भिंतीला लावलेली दिसली की माणूस उंच होण्याच्या खटाटोपात न पडता टाचा वर करतो, हे विलायतेस कळावयास तीस-पस्तीस वर्षे लागली. आम्हांस दोन वर्षांतच कळले, यावरून आमची प्रगती ध्यानी यावी.

ज्या २०१९ साली आमची अट गेली, त्याच सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतील डेन्व्हर शहरी शिक्षकांनी तीन दिवसांचा संप केला. माझा भाचा तेथे असतो. शाळा बंद असल्याने त्याची मुले घरात धुमाकूळ घालीत होती, त्या गदारोळातच त्याने फोनवर सांगितले, "मामा, इथे बोनस आहेत म्हणून संप आहे."

"नाहीत म्हणून असेल," मी त्याची चूक सुधारली.

परंतु त्याचेच खरे होते. तेथे २००५ साली मतदारांनी कर वाढवून घेऊन शिक्षकांसाठी कामगिरीनुसार जादा पैशांची 'प्रोकॉम्प' नावाची योजना आणली होती. आणि कालांतराने त्यात इतक्या प्रकारचे बोनस झाले की, पुढल्या वर्षी आपला पगार किती होईल याचा हिशेब खुद्द गणिताच्या शिक्षकांसही लागेना. तेव्हा हे तुरे काढून घ्या आणि मूळ पगारात घाला, एवढ्यासाठी त्यांनी शाळा सोडून रस्ता धरला. आणि चौथ्या दिवशी मंडळाने व संघटनेने करार करून पगार ७ ते ११ टक्के वाढविला. ही हकिगत मी आमच्या शिक्षक संघटनेच्या तालुका शाखेच्या सभेत सांगितली, तेव्हा खजिनदार शांतपणे म्हणाले, "तत्त्व मान्य आहे. पण आधी आपल्याला बोनस मिळू द्या, मग आपण तो नाकारू."

त्या शाखेचा मी कार्याध्यक्ष होतो, हे सांगावयाचे राहिले. सभेस गणपूर्ती होत नव्हती म्हणून मला बोलावून नेले होते, आणि काम संपल्यावर मी बाहेर माझी चप्पल शोधीत असता आत माझी एकमताने निवड झाली. डेन्व्हरप्रमाणे समोरासमोर बसून करारावर सह्या करण्याची रीत आमच्याकडे नाही. आमच्याकडे निवेदन असते, शिष्टमंडळ असते, चर्चा असते आणि आश्वासन असते; बारावीच्या उत्तरपत्रिका आल्या की अनेकदा कनिष्ठ महाविद्यालयीन प्राध्यापक मंडळी तपासणीवर बहिष्काराचा इशारा देतात आणि लेखी आश्वासन घेऊन लाल शाई हाती धरतात, तो याच विधीचा वासंतिक प्रकार होय. निवेदनात पहिली मागणी अशक्य कोटीतली, मधल्या पुराणातल्या आणि शेवटची 'व इतर' ही असावी, असा संकेत आहे. तालुक्यात शिक्षक जितके, त्यांहून संघटना थोड्याच कमी असल्यामुळे शिष्टमंडळाचा निम्मा वेळ छायाचित्रात कोणी कोठे उभे राहावे यात जातो. मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा साहेबांनी निवेदन उभे राहून स्वीकारले आणि आम्हांस चहा पाजला.

"आपल्या सर्व मागण्यांबाबत शासन सकारात्मक आहे," साहेब म्हणाले.

"मग मंजूर म्हणून लिहून द्या, साहेब."

"सकारात्मक असणं आमच्याकडे आहे. मंजूर करणं वित्त विभागाकडे."

"वित्त विभागाचं म्हणणं काय?"

"तेही सकारात्मक आहेत. फक्त पैसे नाहीत."

सकारात्मकतेचा हा प्रवास किती लांबचा असतो, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने सातव्या वेतन आयोगाकडे पाहावे. तो लागू धरला गेला १ जानेवारी २०१६ पासून; आमच्या हाती पडू लागला २०१९ साली; आणि मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच वर्षांत पाच हप्त्यांनी भविष्य निर्वाह निधीत जमा करावयाची ठरली, म्हणजे मिळाल्याचे समाधान आणि खर्चता न येण्याची शिस्त दोन्ही एकाच वेळी.

चर्चा फिसकटली की उरतो तो संप. संपाचे माझे पहिले दर्शन बाळपणीचे. १९७७ च्या डिसेंबरात, केंद्राप्रमाणे महागाईभत्ता मिळावा म्हणून, र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी पुकारलेला संप ५४ दिवस चालला. माझे मामा तहसील कचेरीत कारकून होते. ते सलग ५४ दिवस घरी राहिले, आणि रिकामपणी त्यांनी स्वयंपाकघराची तपासणी सुरू केली. मीठ-मिरचीच्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या, तेलाची आवक-जावक नोंदली जाऊ लागली, आणि माझी मामी, जिला महागाईभत्त्याची गरज मामांपेक्षा अधिक होती, ती सरकारने एकदाचे काहीतरी करून यांना कचेरीत घ्यावे म्हणून देवाला नवस बोलली.

मी स्वतः बसलो तो २०२३ च्या मार्चातल्या 'एकच मिशन, जुनी पेन्शन'च्या संपात. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीस लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही, त्यांच्यासाठी ते आंदोलन होते. मी त्याआधीचा, म्हणजे मजकडे जुनी पेन्शन आधीच होती. तरी कार्याध्यक्ष या नात्याने मांडवात सर्वांत पुढे बसून मी सर्वांत मोठ्याने घोषणा देत असता एका तरुण शिक्षिकेने विचारले, "सर, तुम्हांला तर जुनीच आहे ना?"

"आहे."

"मग एवढं ओरडता कशासाठी?"

"सवयीने," मी म्हणालो, आणि तो माझा शेवटचा स्पष्ट उच्चार ठरला. २० मार्च रोजी संप मिटला, तेव्हा माझा घसा पूर्ण बसला होता. पुढे आठवडाभर मला बोलता येत नव्हते. "चला," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "एक तरी मागणी मान्य झाली."

माझ्या निवडश्रेणीची अट गेली असली, तरी अटींची जागा रिकामी ठेवण्याची सरकारी रीत नाही. श्रेणीसाठी प्रशिक्षण घेण्याचे कलम उरलेच होते, आणि २०२२ साली ते ऑनलाइन निघाले, तेव्हा प्रत्येकी दोन हजार रुपये शुल्क भरून आम्ही विद्यार्थी झालो; पगारवाढीची पहिली रक्कम अशी आमच्याकडून तिकडे गेली. पडद्यावरील व्याख्याते आम्हांस 'विद्यार्थ्याचे अवधान कसे टिकवावे' हे समजावून सांगत आणि मी घोरत असे. दर थोड्या वेळाने 'पुढे' असे बटण दाबावे लागे, ते काम माझ्या मुलीने मोबदला ठरवून पत्करले होते. तिच्या तपशीलवार परिश्रमामुळे मी उत्तम रीतीने उत्तीर्ण झालो, प्रमाणपत्र छापून घेतले, तीन प्रतींत जोडले, आणि निवृत्तीच्या अगदी काठावर माझी निवड झाल्याचा हुकूम हाती आला. प्रमाणपत्रावर नाव माझे असले, तरी गुणवत्ता कोणाची हा प्रश्न कोणत्याही टेबलावर उपस्थित झाला नाही.

सेवेतल्या माझ्या शेवटच्या शाखासभेत मी एक क्रांतिकारक ठराव मांडला. आमचा पगार मुलांच्या निकालावर ठरवावयाचा असेल तर ठरवा, परंतु मग केंद्रप्रमुखांपासून थेट सचिवांपर्यंत सर्व वरिष्ठांचा पगारही आमच्याच निकालावर ठरवा, अशी त्यातली मागणी होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणी तरी 'विजय असो' म्हणाले. खजिनदारांनी अनुमोदन दिले. ठराव लिहून घेण्यासाठी चिटणीसांनी लेखणी उचलली, इतक्यात आमचे गणिताचे सर उठून उभे राहिले.

"एक शंका आहे," ते म्हणाले. "साहेबांचा पगार आपल्या निकालावर ठरला, तर साहेब रोज शाळेत येतील."

सभेत कोणीच काही बोलेना. प्रत्येक जण मनातल्या मनात आपापला तास, आपापली मधली सुट्टी आणि आपापली किल्ली हरवलेली कपाटे नजरेखालून घालीत असावा. मग चिटणीसांनी घसा साफ केला आणि इतिवृत्तात जे लिहिले, ते मला सूचक म्हणून सही करण्यासाठी वाचून दाखविले : 'विषय क्रमांक ५. सदर ठरावाबाबत सभा सकारात्मक असून, अधिक अभ्यासासाठी तो सर्वानुमते बेमुदत तहकूब करण्यात येत आहे.' मी सही केली. तीन प्रतींवर.